केळीतली सावली

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागायला आठ दिवस होते, तेव्हा आत्मारामने ठरवलं की यंदा माशांना सावली करायची.

मासे पार्वतीचे होते. बुरहानपूरजवळ दापोऱ्याच्या शिवारात आत्मारामची चार एकर केळी, आणि केळीच्या कडेला शेततळं. तळं खोदलं होतं केळीसाठी. लाइट असेल तेव्हा विहिरीचं आणि पावसाळ्यात ओढ्याचं पाणी त्यात घ्यायचं आणि लागेल तसं बागेला सोडायचं. चार वर्षांपूर्वी गावातल्या बायकांच्या बचत समूहाला मत्स्यबीज मिळालं. बाकीच्या बायकांनी कोणी नवऱ्याला विचारून, कोणी सासूला विचारून अंग काढून घेतलं. मग पिशव्यांमध्ये वळवळणारी ती सगळी पिल्लं पार्वतीने आपल्या तळ्यात ओतली.

घरात कोणी मासा खात नव्हतं. विकायचा विषय काढला की ती म्हणायची, अजून लहान आहेत. शेजारच्या शेताचा लोटू, आत्मारामचा लहानपणापासूनचा दोस्त, तिची चेष्टा करायचा. खायचे नाहीत, विकायचे नाहीत, मग वहिनी यांची काय लग्नं लावणार? पार्वती म्हणायची, लावीन, आणि वाजंत्री म्हणून तुलाच बोलावीन.

रोज सकाळी ती सरकीची ढेप आणि कोंडा कालवून काठावर बसायची आणि दोन टाळ्या वाजवायची. पाणी हलायचं. आधी रोहू यायचे, मग मृगळ, आणि शेवटी कोपरापर्यंत भरतील असे कटला, तोंडं वर करून. तिला फक्त मांगूर आवडत नव्हते. ते कोणी सोडले नव्हते, ओढ्याच्या पाण्याबरोबर शिरले होते. काळे, बिनखवल्यांचे, मिशांचे. ते तिची पिल्लं खायचे. तेवढे जाळ्याने काढून टाका, असं ती आत्मारामला किती वेळा म्हणाली होती. आज काढतो, उद्या काढतो, असं करता करता ते राहून गेलं.

मागच्या वर्षी नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी पार्वती गेली.

त्या दिवशी दोघं कपाशीच्या रानात वाळलेल्या काड्या, पऱ्हाट्या, गोळा करत होती. ऊन शेहेचाळीसच्या वर गेलं होतं. एकच्या सुमाराला ती म्हणाली, डोकं गरगरतं आहे. आत्मारामने तिला उचलल्यासारखंच करून केळीत आणलं. दुसरीकडे कुठे नेणार? केळीच्या मुलखात लहान पोरालाही ठाऊक असतं की बाहेर भट्टी पेटलेली असली तरी केळीत पाऊल टाकलं की अंगाला गार लागतं. बागेला त्याने सकाळीच मोकाट पाणी दिलं होतं, जमीन ओलीचिंब होती. लू, तो उन्हाळ्यातला भाजणारा वारा, लागली की केळीची पानं फाटतात आणि घड करपतात, म्हणून बागेच्या चारी बाजूंनी त्याने हिरवी जाळी बांधली होती आणि जाळीच्या बाहेर दाट शेवरी लावली होती. आत पानही हलत नव्हतं. तिथे, ओलाव्यावर, त्याने तिला ओल्या गोणपाटावर निजवलं. वरून दुसरं ओलं गोणपाट घातलं. तिचं अंग घामाने निथळत होतं. घाम येतो आहे म्हणजे उष्णता बाहेर पडते आहे, असं त्याला वाटलं. पड घडीभर, असं म्हणून तो राहिलेल्या पऱ्हाट्या बांधायला गेला.

तासाभराने आला तेव्हा ती वीस वर्षांपूर्वी वारलेल्या आपल्या आईशी बोलत होती. अंग अजून ओलंच होतं आणि हात ठेवला तर चटका बसत होता. लोटूने गाडी काढली. बुरहानपूरच्या दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कुठे होत्या? आत्माराम म्हणाला, सावलीत. डॉक्टरने मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. चारच्या आत सगळं संपलं.

भेटायला आलेला प्रत्येक जण हेच म्हणाला की तुझ्या हातात होतं ते तू केलंस, अप्पा. उन्हातून उचलून सावलीत आणलंस, आणखी काय करणार? त्या वाक्यावर आत्मारामने वर्ष काढलं. भाकरी खाताना, झोपताना, रानात एकटा असताना तो ते मनाशी म्हणायचा आणि पुढच्या कामाला लागायचा.

मासे मात्र त्याने एक दिवस उपाशी ठेवले नाहीत. ढेप कालवायची, टाळी वाजवायची. पहिले दोन महिने ते आले नाहीत, मग यायला लागले. पाऊस पडेपर्यंत एवढे जगवायचे, असं त्याने या उन्हाळ्यात पक्कं केलं होतं. एक पाऊस पडला की पाणी गार होईल, मग काळजी नाही. पार्वतीचं म्हणून जितंजागतं असं आता शेतात दुसरं काही उरलं नव्हतं. मुलगी हिमानी इंदूरला होती. ती पार्वतीची होती तशी त्याचीही होती. मासे फक्त पार्वतीचे होते.

पण मे अर्धा सरला तसे मासे मंद झाले. पाण्यात हात घातला तर अंघोळीच्या पाण्यासारखं लागायचं. म्हणून त्याने सावली करायचं ठरवलं. घड कापून झालेल्या केळीचे खांब त्याच्याकडे हवे तेवढे होते. खांब पाण्यावर तरंगतो हे या भागात सगळ्यांना माहीत, पोरं त्यांच्यावर बसून तापीत खेळतात. त्याने खांब दोरीने जोडून तळ्यावर आडवे सोडले आणि वरून केळीची पानं अंथरली. पानं वाळून गळाली की त्यांच्यावर नवी. सहा दिवस तो हेच करत होता. लोटू काठावर उभा राहून म्हणाला, माशांना मांडव घातलास, आता लग्नाची तारीख सांग. आत्मारामने पानाखाली हात घातला. पाणी चहासारखं तांबूस झालं होतं, पण गार लागत होतं. त्याला वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

सातव्या दिवशी दुपारच्या बसने हिमानी आली. वर्षश्राद्ध चार दिवसांवर होतं. तिने इंदूरला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि आता पुढे शिकत होती. काय शिकते असं गावात कोणी विचारलं की आत्माराम सांगायचा, जुन्या काळी सगळे जीव कसे मेले ते शिकते. लोक हसायचे. पार्वती हसायची नाही. शेततळं खोदताना निघालेल्या मुरमात हिमानीला एक दगड सापडला होता, त्यात बारीक बारीक गोगलगायी दगड होऊन बसल्या होत्या. वरही काळा पाषाण, खालीही काळा पाषाण, आणि मध्ये हा पांढुरका थर. तो दगड पार्वतीने ढेपेच्या डब्याच्या झाकणावर ठेवला होता, उंदरांनी झाकण पाडू नये म्हणून. अजून तिथेच होता.

हिमानी बॅग ओसरीवर टाकून तळ्याकडे गेली आणि काठावर थांबली. आत्माराम मागून आला आणि त्याने काय काय केलं ते सांगू लागला. ती खाली बसली, ओंजळीत पाणी घेऊन तिने वास घेतला. मग ती म्हणाली, हे सगळं आत्ताच्या आत्ता बाहेर काढावं लागेल. पानं सडू लागली आहेत. सडताना ती पाण्यातली हवा खातात. वरून ऊन अडवलंत म्हणून पाण्यातलं शेवाळ जी हवा तयार करतं तीही बंद झाली.

आत्मारामला राग आला. चार बुकं शिकलीस म्हणून उन्हाळ्यात सावली वाईट झाली काय, असं तो म्हणाला. हात घालून बघ, पाणी गार आहे. ती म्हणाली, गार आहे अप्पा, पण त्यात श्वास नाही. त्याने वरचं एक पान उचलून हुंगलं. मग दोघं खांब ओढायला लागले. पाणी पिऊन खांब जड झाले होते, दोरी तुटत होती, पानं हातात चिखलासारखी येत होती. दिवस मावळेपर्यंत निम्मं तळंही मोकळं झालं नाही. मोटर लावून पाणी वरून पाडलं असतं तर हवा मिसळली असती, पण शेतीची लाइट यायची होती पहाटे पाचला.

पाचला लाइट आली. आत्मारामने मोटर सुरू केली आणि उजाडण्याची वाट बघत काठावर बसला. उजाडलं तेव्हा सगळं तळं तोंडांनी भरलेलं होतं. मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंडं उघडून उभे होते, पळत नव्हते, हलत नव्हते. मोटरच्या धारेखाली थोडे जमले होते. पण धार लहान आणि तळं मोठं. आधी कटला उलटले, सगळ्यात मोठे ते सगळ्यात आधी. मग रोहू. हिमानी कमरेएवढ्या पाण्यात उतरून हातांनी पाणी उडवत होती, आत्मारामही उतरला. लोटू आला, त्याने काही चेष्टा केली नाही, धोतर खोचून तोही उतरला. तिघं जण पाणी उडवत राहिले. आठ वाजता आत्माराम थांबला, कारण ज्याच्यासाठी पाणी उडवावं असं समोर जिवंत काही नव्हतं.

मग त्याने पाहिलं. मध्येच एक मांगूर वर आला, त्याने तोंड बाहेर काढून गप्पकन हवा घेतली आणि शेपटी मारून खाली गेला. थोड्या वेळाने दुसरा. त्यांना काहीच झालं नव्हतं. मेलेल्या कटल्यांच्या मधून ते वाट काढत होते.

बांधाला खड्डा खणून लोटूने आणि आत्मारामने मासे पुरले. चुना टाकला, माती ओढली. कोणी विकत घेईल का, हे लोटूने विचारलं नाही. तो गेल्यावर बाप-लेक खड्ड्याच्या कडेला बसून राहिले. दहा वाजले होते आणि ऊन आत्ताच पाठीला लागत होतं.

"ते कसे काय वाचले?" आत्मारामने तळ्याकडे बोट केलं. "तिले ते डोळ्यासमोर नको व्हते."

हिमानी सावकाश सांगू लागली. मांगुराला कल्ल्यांखेरीज हवा घ्यायला वेगळा अवयव असतो. पाण्यात हवा नसली तर तो वरची घेतो. तो चांगला म्हणून वाचला नाही आणि कटला वाईट म्हणून मेला नाही. ज्याचं अंग जसं घडलं आहे, तसं.

पूर्वीही असंच झालं, ती म्हणाली. पंचवीस कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून इतका तापलेला दगड वाहिला की हवा तापली, समुद्र तापला. गरम पाण्यात हवा कमी मावते, आणि गरम झालेल्या अंगाला हवा जास्त लागते. जीव दोन्हीकडून कात्रीत सापडले. समुद्रातल्या बहुतेक जाती संपल्या. त्यानंतर खूप काळाने आपला हा काळा पाषाण वाहिला, असीरगडचा डोंगर आहे तो, आपल्या विहिरीत लागतो तो. आईच्या डब्यावरच्या दगडातल्या गोगलगायी त्याच काळातल्या, एक थर थंड होऊन त्यावर तळं साचलं तेव्हाच्या. मग वरून दुसरा थर आला. त्याच सुमारास दूर तिकडे आकाशातून मोठा दगड पडला. मोठमोठे प्राणी संपले. उरले ते लहान, बिळात शिरणारे, कमी खाणारे. मगर उरली, कारण तिचं अंग स्वतःला गरम ठेवायला काही जाळत नाही, ती महिनोन् महिने उपाशी काढते. कासव उरलं, बेडूक उरले.

आत्माराम ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, आणि माणूस? माणूस कशावर वाचतो?

हिमानीने मातीचं ढेकूळ उचललं आणि हातात फोडलं.

"घामावर," ती म्हणाली. "कुत्रं जीभ काढतं, म्हैस डबक्यात बसते. आपल्याला घाम आहे. पण नुसता येऊन भागत नाही, तो सुकावा लागतो. सुकला तरच अंग थंड होतं."

"आणि नाही सुकला तर?"

"तर अंगातली उष्णता अंगातच राहते."

तो केळीकडे बघत होता. जाळी हिरवी, शेवरी दाट, आत एकही पान हलत नव्हतं. काल त्याने पाणी दिलं होतं, कडेला बसूनही ओल्या मातीचा वास येत होता. मग त्याने असा प्रश्न विचारला की जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट विचारतो आहे. बाई उन्हातून आलेली, अंग तापलेलं. तिला अशा जागी निजवलं जिथे वारा नाही, खाली ओल, वरून ओलं गोणपाट. घाम पाण्यासारखा येतो आहे. तो सुकेल?

हिमानीने मान खाली घातली.

"तुले ठाऊक व्हतं," आत्माराम म्हणाला.

"हो."

"कवापासून?"

"तुम्ही त्या दिवशी फोनवर सांगितलंत तेव्हापासून. पाणी सोडलेल्या केळीत निजवलं होतं म्हणालात, तेव्हाच."

"सालभर बोलली नाहीस."

"काय बोलू अप्पा? क्या फायदा होता?"

तो उठला, दोन पावलं चालला, परत आला. "बाहेर बांधावरच्या निंबाखाली ठेवली असती, लूमध्ये, तर वाचली असती?"

"माहीत नाही."

"खरं सांग."

"पाणी मारून वाऱ्यात ठेवली असती, तर..." ती थांबली. "कदाचित. अप्पा, मला खरंच माहीत नाही."

आत्मारामने मान हलवली, दवाखान्यातल्या डॉक्टरने हलवली होती तशी. मग तो हात धुवायला तळ्यावर गेला. सवयीने डब्याचं झाकण उघडलं, मूठभर ढेप घेतली आणि टाळी वाजवली. काही आलं नाही. थोड्या वेळाने एक मांगूर वर आला, पण तो टाळीला आला नव्हता, हवा घ्यायला आला होता. तरी आत्मारामने ढेप पाण्यात टाकली. गोगलगायींचा दगड झाकणावर परत ठेवला.

वर्षश्राद्ध झालं. भटजी आले, पंगत बसली, लोकांनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं, तुझ्या हातात होतं ते तू केलंस. आत्माराम वाढत राहिला. हिमानी परवाच्या बसने जाणार होती. ती त्याच्या मागेमागे असायची.

दुसऱ्या दिवशी कपाशीच्या रानात धसकटं काढायला बायका आल्या होत्या, मालूबाई आणि तिच्याबरोबर चौघी. मालूबाई पार्वतीच्या वयाची, पंधरा वर्षं याच शेतात येणारी, तोंडाने फटकळ. बाराला त्यांनी काम थांबवलं आणि विळे, भाकरीचं गाठोडं घेऊन रोजच्यासारख्या केळीत शिरल्या. आत्माराम बांधावर होता. तो जवळजवळ पळत आला आणि जाळीपाशी उभा राहून ओरडला की बाहेर या, आत बसू नका, निंबाखाली जा.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. निंबाखाली लू सरळ अंगावर येत होती, धूळ उडत होती. मालूबाई जागची हलली नाही.

"काहून अप्पा? आमच्या बसण्यानं केळी लाजतात काय? का आमची भाकर पाहून घडाले नजर लागते?"

बाकीच्या हसल्या. आत्माराम म्हणाला, हसू नका, निघा. ती म्हणाली, मासे मेले तसे तुम्ही येडे झाले, बाहेर मरायचं ऊन आहे अन् गार सोडून आगीत जा म्हणता. पार्वतीबाई असती तर तिनं अस्सं उठवलं नसतं.

आत्मारामने जाळी वर केली आणि तो आत आला. आत दमट होतं, चार पावलांत त्याच्या सदऱ्याला घाम आला आणि तिथेच राहिला. पाचव्या ओळीत, जिथे मालूबाई बसली होती, तिथून थोडं पुढे ती जागा होती. त्याने हाताने दाखवली.

"मी तिले इथं निजवलं व्हतं," तो म्हणाला. "उन्हानं नाही गेली ती. उन्हातून तर माझ्या आधारानं चालत आली व्हती. इथं गेली. मी निजवली म्हणून गेली."

एकीच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. मालूबाईने त्याच्याकडे बघितलं, मग जागेकडे बघितलं, आणि पदर डोक्यावर ओढून उठली. गाठोडं उचललं. तिच्यामागे बाकीच्या उठल्या. जाताना ती त्याच्यापाशी क्षणभर थांबली. बायका ओळीने बाहेर पडल्या आणि निंबाखाली, वाऱ्याकडे पाठ करून बसल्या. त्यांच्या साड्या फडफडत होत्या.

आत्माराम बागेतून पश्चिमेच्या बाजूला गेला. लू तिकडूनच येते. तिथे एका ठिकाणी शेवरी वाळून गेली होती आणि नुसती जाळीच वारा अडवत होती. बायकांचा आत राहिलेला एक विळा वाटेत त्याने उचलला होता. त्याने जाळीच्या वरची दोरी कापली, मग खालची, आणि दोन लाकडी खांबांच्या मधली सगळी जाळी ओढून पाडली.

वारा आत घुसला. कडेच्या केळीची पानं आधी फडफडली, मग शिरेपासून फाटायला लागली, एक, दोन, मग सगळी. आवाज ऐकून हिमानी पळत आली आणि दुसऱ्या टोकाची दोरी सोडू लागली. आतल्या ओळींतली पानं हलायला लागली होती.

आत्माराम विळा हातात घेऊन तिथेच उभा होता. त्याच्या पाठीवरचा घाम सुकत होता. अंग थंड होत होतं, ते त्याला कळत होतं.